कुत्रा रोज तेच जेवण बघून तोंड फिरवतोय? व्हरायटी द्यायच्या आधी हे तपासा

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमच्या घरचं प्रकरण हेच आहे का ते लगेच कळेल. कुत्रा बाऊलपाशी येतो, वास घेतो, तुमच्याकडे बघतो आणि जाऊन लादीवर पसरतो. तुम्ही ब्रँड बदलता किंवा वर थोडं चिकन टाकता की दोन-तीन दिवस बाऊल चाटूनपुसून साफ, आणि मग परत पहिले पाढे पंचावन्न. ट्रीट मात्र कधीही दाखवा, उडी मारून घेतो. पोळ्या लाटायला घेतल्या की ओट्याखाली हजर. मधेमधे शी पातळ होते, पोट गुडगुडतं, कधी सकाळी सकाळी पिवळा फेस ओकतो. आणि घरातलं कोणीतरी, बहुतेक वेळा आजी, म्हणते "रोज तेच तेच काय घालता गं त्याला, तुम्ही खाल का?" मग आणखी एक नवीन पाकीट घरात येतं.

मी मालाडला घरीच बोर्डिंग चालवते, लोक गावाला गेले की त्यांची कुत्री माझ्याकडे राहतात आणि "याला ना रोज वेगळं लागतं" हे वाक्य त्यांच्या सामानासोबतच येतं. यातली बरीचशी कुत्री एकाच साध्या जेवणावर थोड्याच दिवसांत व्यवस्थित खायला लागतात, आणि जी लागत नाहीत त्यांचं कारण जवळजवळ नेहमी दुसरंच काहीतरी निघतं. कंटाळा हे कारण मला फार क्वचित सापडलंय.

कारण असं आहे की निरोगी मोठ्या कुत्र्याला रोज चवीत बदल लागत नाही, त्याला लागतं ते पूर्ण पोषण. माणसाच्या जिभेवर साधारण ९००० चवीच्या गाठी, कुत्र्याच्या जिभेवर साधारण १७००. त्याचं जेवण बरंचसं नाकाने चालतं. नवीन वास आला की त्याला ओढ वाटते हे खरं, पण ती ओढ म्हणजे नव्याचे नऊ दिवस, शरीराची गरज नाही. उलट आतड्यातले जिवाणू ठरावीक जेवणाला सरावलेले असतात, जेवण एकदम बदललं की त्यांची घडी विस्कटते आणि तुम्हाला दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर जुलाब पुसावे लागतात. म्हणजे न खाण्यावर उपाय म्हणून जे करतो त्यानेच पोट बिघडतं, पोट बिघडलं की तो अजून खात नाही, आणि आपण अजून बदलतो. हे चक्र थांबवायचं असेल तर खालच्या क्रमाने जा, सोप्या आणि फुकट गोष्टी आधी.

एक मात्र आधीच सांगते. पिल्लू असेल, कुत्रा म्हातारा असेल, डायबिटीसचा असेल किंवा खाणं बंद होण्यासोबत उलट्या, ताप, मरगळ असेल तर ही यादी तुमच्यासाठी नाही, थेट शेवटचा भाग वाचा आणि डॉक्टरला फोन करा.

फ्रिजवर कागद लावा

खर्च शून्य आणि निम्मी प्रकरणं इथेच सुटतात. तीन दिवस घरातल्या प्रत्येकाने, म्हणजे अगदी प्रत्येकाने, कुत्र्याच्या तोंडात काय गेलं ते लिहायचं. बाऊलमधलं सोडून.

दादरच्या एका घरातल्या सहा किलोच्या शिह त्झूचा कागद सांगते. सकाळी बाबांच्या चहासोबत तीन ग्लुकोज बिस्किटं. आजीच्या हातची तूप लावलेली एक पोळी, तुकडे करून. कामाला येणाऱ्या मावशींकडून अर्धी पोळी. मुलगी शाळेतून आली की चीजची एक स्लाइस. रात्री खाली फिरायला नेलं की वॉचमनकाकांची दोन बिस्किटं. आता हिशोब करा, बिस्किट वीसेक कॅलरीचं, तूप लावलेली पोळी १२० च्या आसपास, चीज स्लाइस साठ, सगळं मिळून ३४० च्या पुढेमागे जातं आणि सहा किलोच्या घरात राहणाऱ्या कुत्र्याची दिवसाची गरज असते साधारण ४०० कॅलरी. मग बाऊलमधलं तो खाणार कुठल्या पोटात? त्याला भूकच नाहीये. आणि घरातले सगळे प्रामाणिकपणे सांगत होते की "तो काहीच खात नाही", कारण प्रत्येकाने फक्त आपलं दिलेलं बघितलं होतं.

नियम असा की वरचं खाणं, म्हणजे ट्रीट, बिस्किट, पोळीचा तुकडा, च्यू स्टिक सगळं धरून, दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांवर जाऊ द्यायचं नाही. आजीला "देऊ नका" म्हणून सांगितलं तर ती देणारच, तिचा जीव असतो त्याच्यावर. त्यापेक्षा सकाळीच त्याच्या रोजच्या फूडमधले मूठभर दाणे एका छोट्या डब्यात काढून तिच्याकडे द्या आणि सांगा दिवसभर यातलंच द्यायचं. आजीचं प्रेम पोचतं आणि मापही राहतं.

याच वेळी तो बारीक झालाय का तेही बघून घ्या. बरगड्यांवरून हात फिरवा, हाताची पालथी बाजू चाचपताना हाडं जशी हलकेच लागतात तशा लागल्या तर वजन ठीक. बरगड्या सापडतच नसतील तर कुत्रा उपाशी नाही, जाड आहे. पाकिटावरचं माप बघून चहाच्या कपाने किंवा अंदाजाने घालू नका, एकदा वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजून तेवढ्याच मापाची वाटी ठरवून टाका.

पिशवी, डबा आणि बाऊल यांचा वास घ्या

मुंबईच्या दमट हवेत ड्राय फूड आपल्या अंदाजापेक्षा खूप लवकर खराब होतं, त्यातलं तेल हवेने खवट होतं आणि आपल्याला वास यायच्या आधी कुत्र्याला येतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर विचारूच नका. स्वस्त पडतं म्हणून वीस किलोची गोणी घेतली आणि घरात एकच छोटं कुत्रं असेल तर शेवटची अर्धी गोणी खवटच जाणार. एवढंच पाकीट घ्या की उघडल्यावर महिनाभरात संपेल. फूड मूळ पिशवीतच ठेवा, तोंडाला क्लिप लावा आणि ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, कारण डब्यात नुसतं ओतलं की जुनं तेल डब्याच्या भिंतींना बसतं आणि पुढचा माल पण नासवतं. दुकानात गोणीतून किलोवर सुटं मिळतं ते घेऊ नका, ती गोणी कधी उघडली ते कोणी सांगणार नाही. बुरशीचा जरासुद्धा वास आला तर सगळं फेकून द्या, पैशाकडे बघू नका, धान्यावरच्या बुरशीचं विष कुत्र्याचं लिव्हर निकामी करू शकतं.

बाऊल प्लास्टिकचा असेल तर स्टीलचा आणा. आतून बोट फिरवा, बुळबुळीत लागलं म्हणजे नुसतं विसळून चालत नाहीये, रोज साबणाने घासा. घरचा भात-चिकन असेल तर अर्ध्या तासाच्या वर बाहेर राहू द्यायचा नाही, आपल्याकडच्या उकाड्यात शिजवलेला भात पटकन नासतो.

ऋतू आणि घरातली गडबड

मे आणि ऑक्टोबरमध्ये कुत्री कमी खातात, हे नॉर्मल आहे. सकाळचं जेवण ऊन चढायच्या आत, संध्याकाळचं घर जरा थंड झाल्यावर द्या, दुपारी आग्रह करू नका. आजूबाजूला कुठे मादी हीटवर असेल तर नसबंदी न झालेला नर दिवसच्या दिवस जेवणाकडे बघत नाही. दिवाळीचे फटाके, वरच्या मजल्यावर चाललेलं ड्रिलिंग, घर बदलणं, कोणी माणूस घरातून जाणं, या सगळ्यानेही खाणं तुटतं आणि यातलं काही ब्रँड बदलून सुधारत नाही.

कॅलेंडर बघा

हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय कारण दरवर्षी होतं आणि दरवर्षी लोकांना आश्चर्य वाटतं. गटारीला मटणाची चरबी आणि हाडं, दुसऱ्या दिवसापासून श्रावण लागला म्हणून घरात चिकन पूर्ण बंद, कुत्रं एका रात्रीत दही-भातावर. मग गणपतीत प्रसाद. प्रत्येक टप्प्यावर पोट बिघडतं आणि लोक म्हणतात याला जेवणाचा कंटाळा आलाय.

श्रावण पाळायचा असेल तर पाळा, कुत्रा काही काळ अंडी, पनीर, सोया यावर राहू शकतो, पण तो बदल आठ-दहा दिवस आधीपासून हळूहळू करा, आणि घरात अंडंही चालत नसेल तर तेवढ्यापुरतं पूर्ण आहाराचं पाकिटातलं फूड द्या. चरबीचं मटण एकदम पोटात गेलं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, ती दुखणी फार वाईट असतात. शिजवलेलं हाड अजिबात नको, त्याचे धारदार तुकडे होतात आणि आतडं फाडतात. खिरापतीतले मनुके आणि बेदाणे, द्राक्षं हे किडनी बंद पाडू शकतं आणि किती चालतं याचं सुरक्षित असं माप नाही. यामागे टार्टारिक ॲसिड असावं असं २०२१ पासून मानलं जातंय, आणि तेच ॲसिड चिंचेत असतं, म्हणून आमटी किंवा सार घातलेला भात कुत्र्याला नको. कांदा-लसूण शिजवल्यावरही घातकच, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं शुगरफ्री काहीही घराबाहेर किंवा उंच कपाटात.

बाऊल उचला

वरचं सगळं नीट केलं आणि तरी तो नखरे करतोय, कुत्रा मोठा आहे, निरोगी आहे, खेळतोय, शी ठीक आहे, तर मग हे करा. दिवसातून दोन ठरलेल्या वेळा. बाऊल ठेवा, बाजूला व्हा, पंधरा-वीस मिनिटांनी जे उरलंय ते उचला, बोलायचं नाही, भरवायचं नाही, वर चीज किसायचं नाही. पुढच्या वेळी परत तेच. मधे काही नाही, फक्त पाणी. वास उठावा म्हणून फूडवर थोडं कोमट पाणी टाकलं तर चालेल.

हे का काम करतं ते समजून घ्या, नाहीतर दुसऱ्याच दिवशी घरातलं कोणीतरी विरघळेल. कुत्र्याने शिकलेलं असतं की बाऊल सोडला की दहा मिनिटांत काहीतरी चांगलं येतं. तो हट्टी नाही, हुशार आहे, आपणच शिकवलंय. ते येणं बंद झालं की एखाददुसरं जेवण सोडून तो खायला लागतो. पण चोवीस तास पूर्ण काहीच खाल्लं नाही तर हा प्रयोग तिथेच बंद, मग ते नखरे नाहीत असं समजून चाला. पिल्लांवर आणि चिहुआहुआ, पॉमसारख्या अगदी छोट्या जातींवर हे करूच नका, त्यांची साखर झपकन खाली येते.

तोंड, कान, बोटांची पेरं

उजेडात, गॅलरीत बसवून वरचा ओठ हळूच उचला. मागच्या वरच्या मोठ्या दाढेवर पिवळा-तपकिरी दगडासारखा थर, त्याच्या कडेला हिरडी लालभडक, आणि वास असा की तोंड बाजूला घ्यावं, हे दिसलं तर न खाण्याचं कारण बहुतेक सापडलं. असे कुत्रे बाउलपाशी उत्साहाने येतात, एक दाणा उचलतात, एका बाजूने चावायचा प्रयत्न करतात आणि खाली टाकतात. मऊ भात मात्र खातात, म्हणून घरच्यांना वाटतं याला चव बदलून हवीय. घरी टूथपिकने खरवडू नका, माणसांची टूथपेस्ट लावू नका, हे क्लीनिंग डॉक्टर भूल देऊन करतात.

ओठ उचललाच आहे तर हिरडीचा रंग बघा. निरोगी हिरडी गुलाबी, बोटाने दाबली की पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी. फिकट किंवा पिवळसर दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर.

मग कानाच्या आत, मानेच्या पट्ट्याखाली, पायाच्या बोटांमधे गोचीड शोधा. आपल्याकडे टिक फिव्हर, म्हणजे गोचिडामुळे येणारा ताप, बाराही महिने दिसतो आणि त्याचं पहिलं लक्षण बरेचदा एवढंच असतं की जेवणात लक्ष नाही. बाकी सगळं ठीक दिसतं, दोन-तीन दिवसांनी एकदम ढेपाळतो. गुदद्वारात घालायचं थर्मामीटर घरात ठेवा, कुत्र्याचं नॉर्मल तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, माणसाच्या ९८.६ वर जाऊन घाबरू नका. १०३ च्या वर असेल तर ब्लड टेस्ट लागणार. तो ताप क्रोसिनने उतरवायचा प्रयत्न कृपा करून करू नका, पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दोन्ही कुत्र्याला धोक्याचे आहेत.

शेवटी जेवणच तपासा

इथे व्हरायटीचा प्रश्न खरा होतो, पण लोक समजतात त्या अर्थाने नाही.

पाकिटातलं फूड देत असाल तर पाकिटावर "संपूर्ण आणि संतुलित" अशा अर्थाचं लिहिलंय का आणि ते कुठल्या वयासाठी आहे ते वाचा. ते असेल तर तेच फूड रोज दिल्याने काही कमी पडत नाही. जे नुसतं ग्रेव्ही किंवा टॉपर म्हणून विकतात ते पूर्ण जेवण नाही.

घरचं जेवण देत असाल तर नीट बसून विचार करा. आपल्याकडे दोन जेवणं चालतात, दूध-पोळी आणि चिकन-भात. दूध-पोळीत प्रोटीन फारच कमी आणि बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचतही नाही. चिकन-भात बरा, भात कुत्र्याला पचत नाही हे खोटं आहे, माणसासोबत राहून कुत्र्यात स्टार्च पचवणाऱ्या जीनच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी वाढल्यात, हे २०१३ सालीच दाखवलं गेलंय. पण बोनलेस चिकन आणि भातात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. शरीर मग ते हाडातून काढतं. वाढत्या पिल्लांचे पाय वाकतात, हाडं सहज मोडतात, आणि घरचे रडत सांगतात की आम्ही तर रोज चिकन घालत होतो. जस्त, आयोडीन, व्हिटॅमिन ई, डी हेही कमी पडतं.

"मग आम्ही बदलून बदलून देतो, सोमवारी चिकन, मंगळवारी अंडं, बुधवारी बांगडा, आठवड्यात सगळं भरून निघतं" असं बरेच जण म्हणतात. निघत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमधल्या लोकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० रेसिपी तपासल्या, त्यातल्या ९५ टक्के रेसिपींमधे किमान एक तरी आवश्यक घटक कमी होता, आणि मुख्य म्हणजे तेच तेच घटक पुन्हा पुन्हा कमी होते. एकाच जागी भोक असलेल्या सात रेसिपी फिरवल्या तर भोक तसंच राहतं. चिकन, अंडं, मासा तिन्हीत कॅल्शियम नसेल तर आठवडाभरात ते येणार कुठून? त्यामुळे घरचंच द्यायचं असेल तर व्हेटकडून वजन आणि वयानुसार एक रेसिपी लिहून घ्या, कॅल्शियम आणि सप्लिमेंटच्या मापासकट, आणि तीच पाळा. अंड्याच्या टरफलाची पावडर चालते पण माप डॉक्टरचं, कारण लॅब्राडॉर, जर्मन शेफर्डच्या पिल्लांना कॅल्शियम जास्त झालं तरी हाडं बिघडतात. कलेजी आवडीने खातात म्हणून रोज वाटीभर नको, व्हिटॅमिन ए चा मारा होतो.

आणखी एक कारण ज्यासाठी मी उगाच सगळे प्रकार चाखवू नका म्हणते. उद्या खाज सुटली, कान सारखे लाल व्हायला लागले आणि फूड ॲलर्जीचा संशय आला तर डॉक्टर निदान आठ आठवडे असं प्रोटीन देऊन बघतात जे त्याने आजवर खाल्लेलंच नाही. चिकन, मटण, बदक, टर्की, सगळे मासे आधीच चाखवून झाले असतील तर तपासायला उरतं काय?

तरीही तुम्हाला वेगळं काही द्यायचा आनंद हवाच असेल, आणि असतो, मला कळतं, तर मुख्य जेवण तेच ठेवा आणि त्या दहा टक्क्यांत खेळा. उकडलेला लाल भोपळा, दुधी, गाजर, उकडलेलं अंडं, चमचाभर दही, काटे काढलेली साधी उकडलेली मासळी, मीठ-मसाला काही नाही. सुके बोंबील फार खारट, ते नकोत. एका वेळी एकच नवीन गोष्ट आणि मधे तीन-चार दिवस, म्हणजे पोट बिघडलं तर कशाने ते कळेल. मुख्य फूडच बदलायचं असेल तर सात ते दहा दिवस घ्या, आधी पाव भाग नवीन, मग अर्धा, मग पाऊण. आणि खरंच सांगते, बऱ्याच कुत्र्यांना हवा असलेला बदल बाऊलमधे नसतोच. त्याला रोज त्याच गल्लीतून भरभर ओढत नेण्याऐवजी वीस मिनिटं वेगळ्या रस्त्याने मनसोक्त हुंगू द्या, जुन्या टॉवेलमधे फूड गुंडाळून शोधायला लावा, बघा कसा जेवतो.

इथे थांबा आणि डॉक्टर

मोठ्या कुत्र्याने चोवीस तास काही खाल्लं नाही, किंवा पिल्लाने दोन जेवणं सोडली. पाणीही पीत नाही. उलट्या थांबत नाहीत. शीमधे रक्त किंवा शी काळी डांबरासारखी. हिरड्या फिकट किंवा पिवळ्या. महिनाभरात वजन उतरलंय. यातलं एकही असेल तर घरचे प्रयोग बंद, त्याच दिवशी दाखवा. लसीकरण पूर्ण नसलेल्या पिल्लाला उलट्या आणि दुर्गंधीचे रक्ताळ जुलाब असतील तर पार्व्हो हा जीवघेणा विषाणूजन्य आजार असू शकतो, तिथे तास मोजायचे असतात. मोठ्या जातीच्या कुत्र्याचं पोट फुगून टणक झालंय आणि तो ओकायचा प्रयत्न करतोय पण काही बाहेर येत नाही, तर पोटाला पीळ पडलेला असू शकतो, फोन करत करतच टॅक्सीत बसा, हे ऑपरेशनशिवाय सुटत नाही.

जवळचा व्हेट नसेल किंवा खर्च झेपत नसेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, आणि परळलाच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गर्दी असते, सकाळी लवकर निघा.

जाताना फ्रिजवरचा तो कागद, फूडच्या पाकिटाचा मागच्या बाजूचा फोटो, शीचा सॅम्पल स्वच्छ डबीत, शेवटचं डीवर्मिंग (जंताचं औषध) आणि गोचिडाचं औषध कधी दिलं ती तारीख, आणि गेल्या महिन्यात जेवणात काय काय बदललं ते लिहून न्या. "काही खात नाही" एवढंच सांगितलं तर डॉक्टरला शून्यापासून सुरुवात करावी लागते.